विठाबाईंची रजा

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव काढलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या मागे कनातीच्या आड गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि साडी सावरून पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. मघाशी दिसणारं पोट आता दिसत नाही हे प्रेक्षकांच्या लक्षात आलं. विचारपूस झाली, काय घडलं ते कळलं, आणि शेवटी लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

महिला दिनाच्या आसपास ही गोष्ट दरवर्षी फॉरवर्ड होत येते. खाली 'शतशः नमन', 'धन्य ती माउली' वगैरे. नमन करायला माझी काहीच हरकत नाही. पण ही गोष्ट प्रत्येक वेळी फक्त धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि तिथे मला अडखळायला होतं. नववा महिना संपत आलेली बाई मुळात त्या रात्री बोर्डावर का होती? तिला घरी का बसता आलं नाही? आमच्याकडे टीममधली मुलगी मॅटर्निटी लीव्हवर गेली की तिचं काम दोघातिघांत वाटून घेतात, मॅनेजर थोडी कुरकुर करतो आणि काम पुढे चालू राहतं. विठाबाईंचं काम वाटून घेणारं कोणीच नव्हतं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर विठाबाईंच्या हिमतीपेक्षा तमाशाचा धंदा कसा चालायचा हे बघावं लागतं. आणि तिथे आमच्या भोर-वेल्ह्याचा संबंध येतो. तो पुढे सांगतो. आधी विठाबाई कोण होत्या ते बघू.

विठाबाईंचा जन्म 1935 सालचा, पंढरपूरचा. विठोबाच्या गावात जन्म म्हणून नाव विठा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं, कवठे यमाईचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. 'भाऊ बापू मांग नारायणगावकर' हे फडाचं नाव गावोगाव लोकांच्या तोंडी होतं.

या नावात दोन गोष्टी आहेत. 'नारायणगावकर' म्हणजे जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. आणि दुसरं म्हणजे 'मांग'. जात आडनावासारखी नावातच, आणि तीही जाहिरातीच्या कागदावर ठळक अक्षरात. गावात ज्यांना वेशीबाहेर राहावं लागत होतं, त्याच लोकांच्या नावाने गावची जत्रा गाजायची, आणि पाटलापासून बलुतेदारापर्यंत सगळे रात्रभर समोर बसायचे. सकाळी उठून पुन्हा जो तो आपल्या जागी. विठाबाईंनी पुढे स्वतःचा फड चालवला तेव्हाही नाव तेच ठेवलं, वडिलांच्या नावासकट आणि जातीसकट. या नावाचा त्यांना किती अभिमान होता, हे वेगळं सांगायची गरज नाही.

शहरात वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना तमाशा म्हणजे लावणी आणि लावणी म्हणजे सिनेमातलं गाणं एवढंच माहीत असतं. त्यात आपली चूक नाही. 1959 चा 'सांगत्ये ऐका', 1972 चा 'पिंजरा', 2010 चा 'नटरंग' हे सगळे आपण पडद्यावर पाहिले. पण ढोलकी-फडाचा तमाशा म्हणजे पूर्ण रात्रीचं नाटक असतं. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी (हे काम पुरुष करतो), वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मग बतावणी, रंगबाजी, लावण्या. आणि सगळ्यात शेवटी वग. वग म्हणजे कथानक असलेलं नाट्य. कधी राजाराणीचं, कधी ऐतिहासिक, कधी अगदी ताज्या घटनेवरचं.

म्हणजे फडातली मुख्य बाई एकाच रात्रीत काय काय करायची बघा. गवळणीत ती राधा किंवा गवळण. रंगबाजीत ती लावणी गाणार आणि नाचणार. वगात ती राणी, विधवा, सासुरवाशीण, जे काही असेल ते. संवाद बरेचसे ठरलेल्या मुद्द्यांवर जागच्या जागी रचायचे. समोरचा सोंगाड्या काय बोलेल याचा नेम नाही, त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. समोर काही हजार माणसं उघड्यावर बसलेली, त्यातली निम्मी शिट्ट्या मारणारी. त्यांना आधी नाचावर खेळवायचं आणि पहाटे वगात रडवायचं. नाटकातल्या नटीला एक भूमिका, लिहिलेली संहिता आणि तीन अंक मिळतात. इथे गायिका, नर्तकी आणि अभिनेत्री अशी तीन कामं एकाच बाईकडे. विठाबाईंना 'तमाशासम्राज्ञी' म्हणतात ते या तिन्ही कामांमुळे. आपण मात्र त्यातलं नाचणं तेवढं लक्षात ठेवलं.

इथे थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. मराठी रंगभूमीवर स्त्रिया कधी आल्या, असं विचारलं तर काय उत्तर मिळतं? हिराबाई बडोदेकरांनी 1929 साली नाटक मंडळी काढली आणि स्त्रीपुरुष एकत्र काम करू लागले. 1933 साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे यांनी काम केलं. तोपर्यंत बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू बघून महाराष्ट्र खूश होता. सिनेमातही तीच तऱ्हा. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना बाई मिळाली नाही म्हणून तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं.

हे सगळं खरं आहे. हिराबाई आणि ज्योत्स्नाबाई मोठ्याच होत्या. पण त्याच्या कितीतरी आधी पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभ्या राहत होत्या आणि मुंबईत त्यांच्या नावावर तिकिटं खपत होती. पवळा दलित घरातल्या, बापूराव जन्माने ब्राह्मण, कुलकर्णी. त्या दोघांच्या नावावर तमाशाचं एक अख्खं पर्व आहे. मग 'रंगभूमीवरच्या पहिल्या स्त्रिया' मोजताना पवळा का मोजल्या जात नाहीत? कारण मोजणाऱ्यांच्या लेखी तमाशा ही रंगभूमी नव्हतीच. तिथे बाई होती म्हणूनच तो हलका समजला गेला, आणि हलका समजला गेला म्हणून तिथली बाई इतिहासात धरली गेली नाही. विठाबाई या पवळांच्या परंपरेतल्या.

विठाबाई जेमतेम बारातेरा वर्षांच्या असतील तेव्हा तमाशावरच गदा आली. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारने, म्हणजे बाळासाहेब खेरांच्या सरकारने, अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. फडमालकांनी आणि कलावंतांनी धडपड केली, महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्यासारख्या विद्वानाच्या नेतृत्वाखाली तमाशा सुधारणेसाठी समिती बसली आणि अटी घालून बंदी उठली. वग सरकारी परवानगीने करायचे, बोलणं सभ्य ठेवायचं वगैरे. सुधारणा झाली ती तमाशातल्या बोलण्याची. कलावंतांच्या पोटापाण्याचं काय, याचा विचार त्या सुधारणेत फारसा नव्हता. आणि माझ्या मते विठाबाईंच्या आयुष्याची गोम इथेच आहे.

आता भोर-वेल्ह्याकडे येऊ. आमच्याकडे डोंगराळ भाग, भातशेती, आणि पावसाळा सोडला तर शेतात फारसं काम नाही. त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी माथाडी म्हणून मशीद बंदरला किंवा गोदीत. ही सगळी माणसं वर्षातून एकदा हमखास गावी येतात ती जत्रेला. चैत्र-वैशाखात कापूरहोळ किंवा नसरापूरवरून आत वळलं की गावोगाव भैरवनाथाच्या नाहीतर जननीच्या जत्रेच्या कमानी दिसतात. (ट्रेकला राजगड-तोरण्याकडे जाणाऱ्यांनी पाहिल्या असतील.) सकाळी अभिषेक, रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हा क्रम ठरलेला.

तमाशा ठरवायची पद्धतही ठरलेली. घरटी वर्गणी गोळा करायची आणि कमिटीतल्या चारपाच जणांनी नारायणगावला जायचं. तिथे जत्रांच्या हंगामाआधी फडमालकांच्या राहुट्या पडतात. बाहेर कलावंतांचे फोटो असलेले फलक, आत मॅनेजर वही घेऊन बसलेला. कोणत्या तारखेला कोणता फड मोकळा आहे, रक्कम किती, विसार किती, हे तिथे बोलायचं. याला सुपारी म्हणतात. (आपल्याला सुपारी म्हटलं की आधी अंडरवर्ल्ड आठवतं, पण हा त्याहून जुना आणि सभ्य वापर आहे.) सुपारी घेतली की तारीख पक्की. गावाची जत्रा तिथीवर असते, ती काही पुढे ढकलता येत नाही. आणि कमिटीने फड ठरवलेला असतो तो एका नावासाठी. विठाबाई येणार म्हणून वर्गणी निघालेली असते. विठाबाई आल्या नाहीत तर गाव खवळणार, रक्कम कापली जाणार, कधी हातघाईवर येणार, आणि पुढच्या वर्षी ते गाव दुसऱ्या राहुटीत जाणार.

आता फडाच्या बाजूने बघा. मोठ्या फडात शंभरच्या आसपास माणसं असतात. कलावंत, वादक, तंबू उभारणारे कामगार, आचारी, ड्रायव्हर. हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात सगळं बंद. त्या चार महिन्यांत कलावंताने खायचं काय? तर मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामात ती फेडायची. मालक ती उचल कुठून देणार? सावकाराकडून व्याजाने आणून. म्हणजे दसऱ्याला पहिला खेळ लागण्याआधीच अख्खा फड कर्जात असतो, आणि जत्रांच्या महिना-दीड महिन्यात रोज रात्री एक गाव याप्रमाणे तो भरून काढायचा असतो. एक रात्र बुडाली की शंभर माणसांचा पगार एका नावापायी बुडतो.

आयटीच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणता येईल. सगळा भार एका सर्व्हरवर, आणि बॅकअप नाही. फरक एवढाच की इथे सर्व्हर म्हणजे नऊ महिन्यांची गरोदर बाई होती.

म्हणून ती गोष्ट धाडसाची आहेच, पण धाडसाआधी ती हिशोबाची आहे. विठाबाईंना कोणी क्रूर मालकाने बळजबरीने नाचवलं असंही नाही. फड घरचाच होता. रजा मागायची तर कोणाकडे? तिथे कोणी एक माणूस वाईट असण्याची गरजच नव्हती. सुपारी, तिथी, उचल आणि व्याज एवढं पुरेसं होतं.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा देशात 1961 साली आला. 2017 पासून ती रजा 26 आठवड्यांची झाली. याच कायद्यात 1973 साली एक दुरुस्ती झाली आणि घोडेस्वारीचे, कसरतींचे 'आणि इतर' प्रयोग करणाऱ्या आस्थापना त्यात आल्या. रोख होता सर्कशीकडे. म्हणजे तंबू ठोकून गावोगाव फिरणाऱ्या बायकांनाही रजा लागते हे सरकारला सर्कशीच्या निमित्ताने सुचलं होतं. पण कायदा चालतो मालक आणि नोकर या जोडीवर. जिथे मालकीण स्वतःच बोर्डावर उभी आहे आणि तिच्या नावावरच सगळ्यांचं पोट आहे, तिथे तिला कोण रजा देणार आणि त्या दिवसांचे पैसे कोण भरणार?

यावर कोणी म्हणेल की असंघटित धंद्यात हे असंच असतं, इलाज नाही. पण इलाज होता, आणि तो तमाशासमोर बसणाऱ्या लोकांच्याच घरात होता. माथाडी कामगारालाही एक मालक नसतो. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्याचा. भोर, वेल्हे, जावळी, पाटण या भागातली हजारो माणसं मुंबईत हेच काम करत होती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं, आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी थेट हमालाला न देता मंडळाकडे भरायची, वर लेव्ही द्यायची, आणि त्यातून मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार, दवाखाना हे बघायचं. मालक बदलला तरी कामगाराचं खातं तेच. एका मालकाशी न बांधलेल्या माणसाला सुरक्षितता कशी द्यायची, याचं हे उत्तर अख्ख्या देशात गाजलं.

आता असा विचार करा. जत्रेत समोर बसलेल्या माथाडीच्या खिशातून वर्गणी आली, ती सुपारी म्हणून नारायणगावला गेली. त्या सुपारीवर दोनचार टक्के लेव्ही बसवून ती कलावंतांच्या नावे एखाद्या मंडळात जमा झाली असती तर? रक्कम किती, कोणत्या गावाची, कोणत्या फडाची, हे सगळं राहुटीतल्या वहीत लिहिलेलंच असायचं. बोलणी एकाच गावात व्हायची, म्हणजे वसुलीही सोपी. विठाबाईंच्या उमेदीच्या काळात हे कोणी केलं नाही. माथाडी गावचा माणूस होता, मतदार होता. तमाशातली बाई ही गावात एका रात्रीपुरती येणारी. तिच्यासाठी टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या, दौलतजादा होता. लेव्ही नव्हती.

सन्मान मात्र मिळाले. 1957 साली राष्ट्रपतींचं पदक मिळालं, तेव्हा विठाबाई बाविशीच्या होत्या. 1990 साली पुन्हा मिळालं. या दोन पदकांच्या मधल्या तेहतीस वर्षांत तमाशाची दुनिया बदलून गेली. 1965 साली 'विच्छा माझी पुरी करा' आलं आणि तमाशाचा बाज शहरातल्या नाट्यगृहात तिकीट काढून बघितला जाऊ लागला. तो गाजला याचा आनंदच आहे, पण ते पैसे काही फडापर्यंत पोचत नव्हते. मग 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. लालबाग-परळचा कामगार म्हणजे हनुमान थिएटरचा प्रेक्षक आणि गावच्या जत्रेचा वर्गणीदार. दोन्हीकडचं उत्पन्न एकदमच आटलं. पाठोपाठ गावात टीव्ही आला, व्हिडिओ आला, ऑर्केस्ट्रा आला. रात्रभर वग बघायला बसणारी माणसं कमी होत गेली आणि 'गाणी लावा' म्हणून ओरडणारी वाढली.

विठाबाईंची शेवटची वर्षं ओढाताणीत गेली. 15 जानेवारी 2002 ला त्या गेल्या. दवाखान्याचं बिल मदत गोळा करून भागवावं लागलं. राष्ट्रपतींची दोन पदकं घरात, आणि दवाखान्याच्या बिलाला पैसे नाहीत. पेपरात तेव्हा हळहळ छापून आली. 'कलावंतांची उपेक्षा' हा आपला आवडता शब्द. मला तो पटत नाही. उपेक्षा म्हणजे लक्ष न देणं. विठाबाईंकडे तर लोकांचं चांगलंच लक्ष होतं, त्यांच्या नावावर रात्री गाजल्या. जे नव्हतं ते दरमहा कापून बाजूला पडणारी रक्कम, आणि ती नसण्याचं कारण लोकांचं मन कोतं असणं हे नव्हतं. तशी व्यवस्थाच कोणी उभी केली नव्हती.

2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागलं. पहिला मिळाला कांताबाई सातारकर यांना, ज्यांनी स्वतः एक फड तोलून धरला होता. पुढे तो मंगला बनसोडे यांनाही मिळाला. मंगलाताई म्हणजे विठाबाईंची मुलगी. आईच्या नावाचा पुरस्कार मुलीला, आणि तोही वशिल्याने नाही, बोर्डावर उभं आयुष्य काढून. संध्या माने, मालती इनामदार आणि भारती सोनवणे या विठाबाईंच्या मुलीही तमाशातच उभ्या राहिल्या. विठाबाईंचा प्रभाव काय असं कोणी विचारलं तर पदकांपेक्षा मी हे सांगेन. एका बाईच्या हाताखाली इतके फड आणि कलावंत तयार झाले, आणि बाई फडाची मालकीण असू शकते हे जत्रा कमिटीच्या लोकांनाही सवयीचं झालं.

पण पाया तोच राहिला. 2020 च्या मार्चमध्ये, ऐन जत्रांच्या तोंडावर, लॉकडाऊन लागला. 2021 चा हंगामही गेला. दोन वर्षं सुपाऱ्या नाहीत, आणि उचल मात्र अंगावर. आम्ही लॅपटॉप घरी आणून काम चालू ठेवलं आणि पगार महिन्याच्या महिन्याला जमा होत राहिला. फडातल्या लोकांसाठी धान्याची पाकिटं आणि मदतीची आवाहनं फिरत होती. त्याच काळात, मे 2021 मध्ये, कांताबाई सातारकर गेल्या. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, फडांना अनुदानाच्या योजना आल्या, हे नाकारत नाही. पण मानधन आणि अनुदान मागावं लागतं. माथाडीला त्याचा भविष्यनिर्वाह निधी मागावा लागत नाही, तो त्याच्या खात्यावर असतोच.

तर मंडळी, पुढच्या महिला दिनाला ती नाळेची गोष्ट पुन्हा येईल. जरूर पुढे पाठवा, विठाबाईंचं नाव नव्या मुलांना कळलंच पाहिजे. फक्त तिच्यातलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्या रात्री खेळ थांबवला तो प्रेक्षकांनी. रजा दिली ती ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांनी. म्हणजे ते त्यांच्या हातात होतं. एका रात्रीपुरतं का होईना, गावाने पैसे मोजूनही खेळ सोडून दिला. मग जी कमिटी सुपारीवर काही हजार, लाख रुपये मोजते, तिला त्याच पावतीवर कलावंतांच्या विम्यासाठी एक ओळ वाढवणं अवघड नाही. आमच्या भागातल्या कमिट्यांमध्ये आता आपल्याच वयाची, पुण्यात नोकरी करणारी मुलं आहेत. पीएफ म्हणजे काय हे त्यांना चांगलं माहीत आहे. यंदा वर्गणीचा हिशोब मांडताना हा विषय काढून बघायला काय हरकत आहे?